मूत्रपिंड प्रतिरोपणोत्तर पांडुरोग

मूत्रपिंडाचे प्रतिरोपण झालेल्या व्यक्तीच्या रक्तातील हिमोग्लोबिन अपेक्षेप्रमाणे न वाढणे, किंवा एकदा वाढून पुन्हा उतरणे, याला ही संज्ञा आहे. प्रौढ पुरुषांत डेसिलिटरला १३ ग्रॅम आणि स्त्रियांत १२ ग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा याही रुग्णांना लावतात. शस्त्रक्रियेपासून सहा महिन्यांच्या आतला तो लवकरचा आणि त्यानंतरचा तो उशिराचा, अशी विभागणी बहुतेक लेखक करतात. ही रेघ सोयीपुरती आहे, पण दोन्हींची कारणे बरीच वेगळी असल्याने उपयोगी पडते. बाह्यरुग्ण विभागात मात्र ‘रक्त कमी आहे’ किंवा ‘एचबी भरत नाही’ एवढेच ऐकू येते.

मराठीत यासाठी पांडुरोग, रक्तक्षय आणि रक्ताल्पता असे तीन शब्द चालतात. पांडुरोग हा शब्द आयुर्वेदातला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळाव्या अध्यायात त्याचे पाच प्रकार सांगितले असून कामलेचाही विचार तिथेच केला आहे. म्हणजे जुना अर्थ आजच्या व्याख्येपेक्षा बराच रुंद होता. ‘रक्तक्षय’मुळे रक्त झिजत असल्याचा समज होतो, आणि या विकारात पुष्कळदा रक्त झिजत नसून तयारच होत नसते. म्हणून येथे रूढ झालेला ‘पांडुरोग’ हाच शब्द ठेवला आहे.

मूत्रपिंड आणि रक्तनिर्मिती यांचा संबंध कळायला अर्धशतक लागले. १९०६ मध्ये पॅरिसमध्ये कार्नो आणि देफ्लांद्र यांनी रक्त काढलेल्या सशांचा रक्तरस दुसऱ्या सशांना टोचला आणि त्यांच्या तांबड्या पेशी वाढल्याचे नोंदवले. हा प्रयोग इतरांना नीट जमला नाही, त्यामुळे त्यांचा निष्कर्ष दीर्घकाळ संशयात राहिला. आज त्यांना आद्यत्वाचा मान देतात. तरी १९५३ मध्ये एर्स्लेव्ह यांनी भरपूर प्रमाणात रक्तद्रव वापरून दिलेला पुरावा अधिक भक्कम मानावा लागेल. रक्तनिर्मितीला चालना देणाऱ्या या संप्रेरकाला ‘एरिथ्रोपोएटिन’ हे नाव १९४८ मध्ये फिनलंडमधील बॉन्सडॉर्फ आणि यालाविस्तो यांनी दिले. हे संप्रेरक मूत्रपिंडात तयार होते हे जेकबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये उंदरांवर दाखवले. नेमक्या कोणत्या पेशीत, हा वाद पुढे तीस वर्षे चालला. केशिकागुच्छ की सूक्ष्मनलिका, असे पक्ष होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर मिळाले ते दोन्हींबाहेरचे : नलिकांच्या मधल्या संयोजी जागेतील पेशी. प्रतिरोपणात या उत्तराला महत्त्व आहे, कारण रोपित मूत्रपिंडात जुनाट नकाराने (शरीराने परका अवयव नाकारल्याने) किंवा औषधांच्या विषारीपणाने तंतुमय व्रण पडतो तो याच जागेत.

भारतात मानवी मूत्रपिंड प्रतिरोपणाचा पहिला प्रयत्न मे १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाल्याचे नोंदवले जाते. यशस्वी प्रतिरोपणाचा मान १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडे जातो. एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन तेव्हा नव्हते, ते १९८९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. डायलिसिसवरचा रुग्ण दुसऱ्याच्या रक्तावर जगे, आणि पांडुरोगावर खरा इलाज म्हणजे प्रतिरोपणच होते.

नव्या मूत्रपिंडाकडून एरिथ्रोपोएटिन दोन लाटांत येते, असे १९८९ मध्ये सुन व सहकाऱ्यांनी दाखवले. पहिली लाट उंच आणि थोडक्या दिवसांची. ती बहुधा शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाला झालेल्या प्राणवायूच्या उणिवेमुळे येते, आणि तिचा रक्तनिर्मितीवर फारसा परिणाम दिसत नाही. दुसरी लाट लहान पण टिकाऊ. मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे क्रिएटिनीन रक्तात उतरू लागल्यावर ती येते आणि हिमोग्लोबिन चढते ते तिच्याबरोबर. सारे सुरळीत असेल तर साधारण तीन ते सहा महिन्यांत पातळी पूर्ववत होते. रोपित मूत्रपिंड उशिरा कामाला लागले तर दुसरी लाटही लांबते.

लवकरच्या पांडुरोगात सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते लोहाकडे. साधा हिशेब करून पाहावा. शरीरात सुमारे पाच लिटर रक्त धरले आणि हिमोग्लोबिन ९ वरून १३ वर न्यायचे ठरवले, तर २०० ग्रॅम नवे हिमोग्लोबिन लागते. एका ग्रॅमला सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह या दराने ते ६८० मिलिग्रॅम होते. डायलिसिसच्या नळ्यांत राहिलेले रक्त, शस्त्रक्रियेतील स्राव आणि रोजच्या तपासण्यांसाठी भरलेल्या कुप्या यांतून आधीच रिकाम्या झालेल्या साठ्यातून एवढे लोह कोठून यायचे? लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन दाहामुळे फुगलेले असते. तेव्हा रक्तात लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनची संपृक्तता २० टक्क्यांखाली असेल तर फेरिटिन बरे दिसले तरी लोहाची उणीव गृहीत धरणे शहाणपणाचे. शिरेतून द्यायच्या लोहांपैकी फेरिक कार्बोक्सिमाल्टोजने फॉस्फेट घसरते, आणि प्रतिरोपणानंतरच्या काळात ते मुळातच कमी असते.

नकार रोखणारी औषधे हा दुसरा मोठा गट. मायकोफेनोलेट लसिकापेशींचा (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) वाढीला लागणारा प्यूरिनपुरवठा तोडते, पण अस्थिमज्जेतील तांबड्या पेशींच्या पूर्वजांनाही त्याची झळ लागते. सिरोलिमसने तांबड्या पेशी लहान होतात, ॲझाथायोप्रिनने मोठ्या. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्याला युरिक आम्लाच्या संधिवातासाठी (गाउटसाठी) ॲलोप्युरिनॉल सुरू करणे ही जुनी आणि आजही घडणारी घातक चूक आहे. ॲझाथायोप्रिनचे विघटन करणारे विकर ॲलोप्युरिनॉल बंद पाडते आणि काही आठवड्यांत मज्जा कोरडी पडते. याशिवाय एनयूडीटी१५ या जनुकाचे सदोष रूप आशियाई लोकांत तुलनेने अधिक आढळते, आणि अशा व्यक्तींना ॲझाथायोप्रिनची नेहमीची मात्राही झेपत नाही. संसर्ग रोखणारी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर व को-ट्रायमोक्सॅझोल आणि रक्तदाबासाठीची एसीई-रोधक औषधे हीही यादीत येतात. प्रतिरोपणानंतर काहींत तांबड्या पेशी जरुरीपेक्षा जास्त वाढतात. त्यावर एसीई-रोधक हाच उपचार असतो, यावरून त्यांचे रक्तनिर्मितीवरचे बळ ध्यानात यावे.

पार्व्हो विषाणू बी १९ चे प्रकरण स्वतंत्र लिहिण्याजोगे आहे. १९७५ मध्ये लंडनमध्ये इव्होन कॉसार्ट यांना रक्तदात्यांच्या नमुन्यांत तो सापडला, आणि नमुन्याच्या क्रमांकावरून त्याला नाव पडले. तांबड्या पेशींच्या पूर्वजांवरील पी प्रतिजन हे त्याचे दार. निरोगी माणसात आठवडाभर निर्मिती थांबली तरी कळत नाही, कारण पेशी सुमारे १२० दिवस जगते. प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णात मात्र हा विषाणू महिनोन्महिने मुक्काम ठोकतो. चित्र असे दिसते : तिसऱ्या महिन्यात आलेला रुग्ण, क्रिएटिनीन १.२, लघवी उत्तम, पण एक जिना चढताना दोनदा थांबणारा. हिमोग्लोबिन ६, पांढऱ्या पेशी व बिंबाणू जवळपास ठीक, आणि रेटिक्युलोसाइट (नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी) शून्याच्या आसपास. मज्जेच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींचे मधले टप्पे गायब असतात. राहतात त्या तुरळक अवाढव्य आद्यपेशी, केंद्रकात फिकट गुलाबी ठिपका घेतलेल्या. अशा रुग्णात प्रतिपिंडांची तपासणी फसवते, कारण त्याचे शरीर प्रतिपिंड पुरेसे बनवतच नाही. म्हणून विषाणूचे जनुकद्रव्य थेट शोधणारी पीसीआर तपासणी हवी. औषधे कमी करणे आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे हा उपचार. बहुतेक प्रौढांना हा संसर्ग कधीतरी होऊन गेलेला असल्याने दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेल्या इम्युनोग्लोब्युलिनात लागणारे प्रतिपिंड तयार असतात. हा उपचार महाग आहे आणि दुखणे उलटू शकते. तरीही इतकी बऱ्यापैकी बरी होणारी गोष्ट केवळ रेटिक्युलोसाइट न मोजल्यामुळे निसटावी, याची खंत वाटते.

रक्तविघटनाने होणारा पांडुरोग विरळा. ओ गटाच्या दात्याचे मूत्रपिंड ए किंवा बी गटाच्या व्यक्तीला दिल्यास अवयवाबरोबर आलेल्या लसिकापेशी पहिल्या काही आठवड्यांत ग्राहीच्या तांबड्या पेशी फोडू शकतात. टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन या नकार रोखणाऱ्या औषधांमुळे सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होऊनही पेशी फाटतात.

प्रमाणाविषयी युरोपातील २००३ ची पाहणी अजून आधारभूत मानतात. १६ देशांतील ७२ केंद्रांच्या ४,२६३ रुग्णांत ३८.६ टक्के पांडुरोगी आढळले. तीव्र पांडुरोग ८.५ टक्क्यांत होता आणि त्यांपैकी फक्त १७.८ टक्के एरिथ्रोपोएटिन घेत होते. परिणामांबाबत एकमत नाही. हंगेरीतील अभ्यासात पांडुरोगाचा संबंध मृत्यूशीही लागला, तर ऑस्ट्रियातील एका अभ्यासात तो मूत्रपिंड गमावण्यापुरताच दिसला. उशिराचा पांडुरोग पुष्कळदा रोपित मूत्रपिंड थकत चालल्याची खूण असतो, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

उपचारात रक्त चढवणे शक्य तितके टाळतात. यामागे एक उलटलेला इतिहास आहे. १९७३ मध्ये ओपेल्झ आणि तेरासाकी यांनी दाखवले की आधी रक्त घेतलेल्यांचे मूत्रपिंड अधिक टिकते. त्यानंतर काही वर्षे प्रतिरोपणापूर्वी मुद्दाम रक्त दिले जाई. सायक्लोस्पोरिन आल्यावर तो फायदा दिसेनासा झाला, आणि रक्तातून येणाऱ्या परक्या एचएलए प्रतिजनांविरुद्ध (पेशींवरील ओळखखुणांविरुद्ध) तयार होणारे प्रतिपिंड हा तोटा मात्र उरला. दुसऱ्या प्रतिरोपणाची वेळ आल्यास त्यामुळे जुळणारा दाता मिळणे कठीण होते.

एरिथ्रोपोएटिनने हिमोग्लोबिन कुठवर न्यावे हा चालू वाद आहे. फ्रान्समधील २०१२ च्या चाचणीत १२५ रुग्णांपैकी १३ ते १५ ग्रॅमचे लक्ष्य दिलेल्या गटात मूत्रपिंडाचे कार्य सावकाश घटले. उलट ऑस्ट्रियाच्या नोंदवहीवरून २००९ मध्ये, औषधाने १२.५ ग्रॅमच्या वर नेलेल्यांत मृत्यू वाढल्याचे मांडले गेले. प्रतिरोपण न झालेल्या मूत्रपिंडविकारग्रस्तांवरील मोठ्या चाचण्यांतही उंच लक्ष्य धोक्याचे ठरले. म्हणून व्यवहारात बहुतेक जण ११–१२ ग्रॅमपाशी थांबतात, आणि लोह भरल्याशिवाय व औषधांचा कागद पुन्हा तपासल्याशिवाय इंजेक्शन सुरू करत नाहीत. प्राणवायूची उणीव भासवून शरीराकडूनच एरिथ्रोपोएटिन तयार करवणाऱ्या गोळ्यांपैकी डेसिडुस्टॅट भारतात २०२२ पासून मूत्रपिंडविकारातील पांडुरोगासाठी मिळते. प्रतिरोपितांमधील या वर्गाच्या औषधांचा अनुभव अजून छोट्या गटांपुरताच आहे.