आर्मेनियन डायस्पोरातील ओळख आणि आपलेपणा

आर्मेनिया प्रजासत्ताकाबाहेर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आर्मेनियन समाजाला, म्हणजे डायस्पोराला, त्यांच्या भाषेत ‘स्प्युर्क’ म्हणतात. देशाची लोकसंख्या सुमारे ३० लाख आहे. बाहेरचे आर्मेनियन याच्या दुपटीच्या आसपास असावेत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. रशिया, अमेरिका, फ्रान्स, जॉर्जिया, लेबनॉन, इराण आणि अर्जेंटिना इथे त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत. आर्मेनियन कोणाला म्हणावे, याची मापे वस्तीगणिक बदलतात. कुठे भाषा पाहतात, कुठे चर्च, कुठे आडनाव, कुठे १९१५ च्या कत्तलींची घरातली आठवण. बैरुतमध्ये अस्सल ठरलेला माणूस आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, ‘बाहेरचा’ ठरतो आणि येरेवानहून लॉस एंजेलिसला गेलेला तिथल्या जुन्या कुटुंबांना परका वाटतो.

याचे मूळ भूगोलात आहे. लेबनॉन, सिरिया, फ्रान्स, अर्जेंटिना आणि अमेरिकेतल्या जुन्या कुटुंबांचे पूर्वज आजच्या आर्मेनियातून आलेलेच नाहीत. ते ऑटोमन साम्राज्यातल्या हारपूत, माराश, ऐनताब, अदाना, सिवास, व्हान या भागांतले होते; ही गावे आज तुर्कस्तानात आहेत. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमधल्या आर्मेनियन पुढाऱ्यांची व लेखकांची धरपकड सुरू झाली. पाठोपाठ हद्दपारी आणि कत्तली झाल्या. सिरियातल्या देर-एझ-झोरच्या वाळवंटाकडे हाकलल्या गेलेल्यांपैकी जे वाचले, ते अलेप्पो, बैरुत, अथेन्स, मार्सेय इथे पोहोचले. त्यामुळे यांच्या नातवंडांचे ‘गाव’ एका देशात आणि ‘राष्ट्र’ दुसऱ्याच देशात असते. बैरुतलगतच्या बुर्ज हम्मूदमध्ये निर्वासितांनी मोहल्ल्यांना नोर माराश, नोर अदाना, नोर सिस, म्हणजे नवे माराश, नवे अदाना, नवे सिस, अशी नावे दिली. त्यांत येरेवान नव्हते.

नव्या देशांत आधी प्रश्न आला कागदाचा. राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये नान्सेन पासपोर्टची, म्हणजे देश नसलेल्या निर्वासितांसाठीच्या प्रवासाच्या कागदाची, सोय आर्मेनियन निर्वासितांनाही लागू केली. त्यामुळे प्रवास शक्य झाला, पण नागरिकत्व मिळाले नाही. अमेरिकेत तेव्हा नागरिकत्व मिळवण्यासाठी ‘गोरे’ किंवा आफ्रिकी वंशाचे असणे कायद्याने आवश्यक होते. पोर्टलंडमधले गालिच्यांचे व्यापारी तातोस कार्तोझियन यांच्या खटल्यात १९२५ मध्ये न्यायालयाने आर्मेनियन गोरे असल्याचा निवाडा दिला. तरीही कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोमध्ये आर्मेनियनांना घर न विकण्याच्या अटी मिळकतीच्या दस्तांत लिहिल्या जात. फ्रान्समध्ये कवी आणि प्रतिकार चळवळीतले लढवय्ये मिसाक मानुशियान नागरिकत्वाविनाच १९४४ मध्ये नाझींच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांचे अवशेष पॅरिसच्या पाँतेआँ या राष्ट्रीय स्मारकात २१ फेब्रुवारी २०२४ रोजी नेण्यात आले.

भाषेचे माप सर्वांत कडक आणि सर्वांत फसवे आहे. आर्मेनियनची दोन प्रमाण रूपे आहेत : आर्मेनिया, रशिया व इराणमधली पूर्व आर्मेनियन आणि ऑटोमन मुलखातून आलेल्यांची पश्चिम आर्मेनियन. लिपी एकच, पण तीच अक्षरे वेगळी उच्चारली जातात. येरेवानचा पेत्रोस बैरुतमध्ये बेद्रोस होतो, ग्रिगोर क्रिकोर होतो, हाकोब हागोप, कारापेत गाराबेद. ‘मी वाचतो’ हे पूर्वेत ‘कार्दुम एम’, तर पश्चिमेत ‘ग गार्ताम’. शिवाय सोव्हिएत आर्मेनियाने १९२२ मध्ये शुद्धलेखन बदलले. पश्चिमवाल्यांनी ते कधीच स्वीकारले नाही. इराणी आर्मेनियन बोलतात पूर्वेची भाषा आणि लिहितात जुन्या शुद्धलेखनात. एका वर्गात तिन्ही घरांची मुले आली की शिक्षकाला आधी ठरवावे लागते, फळ्यावर काय लिहायचे. पूर्वेची पुस्तके सहज मिळतात म्हणून तीच लावली, तर पश्चिम आर्मेनियन बोलणारी आजी नातवाचा गृहपाठ ‘चुकीचा’ म्हणते आणि मुलाची भाषा दोन्हीकडून सुटते. पश्चिम आर्मेनियनमागे कोणतेही राज्य उभे नाही. २०१० मध्ये युनेस्कोने ती निश्चितपणे धोक्यात आलेल्या भाषांत नोंदवली.

‘भाषा गेली की आर्मेनियनपण गेले’ हे वाक्य शाळांत आणि सभांत सर्रास ऐकू येते. परभाषेत विरघळण्याला ‘पांढरी कत्तल’ असेही म्हणतात. पण माराश, अदाना, ऐनताबहून आलेल्या कित्येक निर्वासितांची घरची भाषा तुर्कीच होती आणि ती ते आर्मेनियन लिपीत लिहीत. त्यांच्या मुलांना आर्मेनियन शिकवली ती अलेप्पो आणि बैरुतच्या अनाथाश्रमांनी व शाळांनी. जे माप आज वंशपरंपरेचे म्हणून लावले जाते, त्याचा बराच भाग परदेशात उभा केलेला आहे. भाषा न येणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला दोषी ठरवताना ही गोष्ट सोयीने विसरली जाते.

आडनावातला ‘यान’ हा दुसरा दाखला, पण तोही पक्का नाही. इराणात बिगर-आर्मेनियन आडनावेही ‘इयान’वर संपतात. रशियात ‘यान’च्या जागी ‘ओव्ह’ आले. फ्रेंच गायक शार्ल अझ्नावूर यांचे मूळ आडनाव अझ्नावूरियान होते आणि ‘यान’ गळल्यावरही २००९ पासून ते स्वित्झर्लंडमध्ये आर्मेनियाचे राजदूत होते.

चर्च हे अनेकांना श्रद्धेपेक्षा सभासदत्व वाटते. कधीही प्रार्थनेला न जाणारे घरही मुलाचा बाप्तिस्मा मुरोन या पवित्र तेलाने करते. हे तेल चाळीसहून अधिक वनस्पती घालून साधारण सात वर्षांनी आर्मेनियातल्या एच्मियाद्झिनला, चर्चच्या मुख्य पीठात, सिद्ध करतात आणि जुन्यातला अंश नव्यात मिसळतात. मात्र चर्चमध्येही फूट आहे. आर्चबिशप लिऑन तूरियान यांचा २४ डिसेंबर १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये, उपासना चालू असताना खून झाला. सोव्हिएतविरोधी आर्मेनियन दाश्नाक पक्षाच्या लोकांना शिक्षा झाली. त्यानंतर अमेरिकेतले पॅरिश, म्हणजे स्थानिक चर्चमंडळे, दोन गटांत विभागले : एक एच्मियाद्झिनच्या अधीन, दुसरा पुढे लेबनॉनमधल्या अंतेलियास पीठाच्या अधीन. धर्ममतात फरक नाही. भांडण सोव्हिएत आर्मेनियाला मानायचे की नाही, यावर होते. सोव्हिएत संघ जाऊनही दोन्ही संघटना वेगळ्याच आहेत. कॅथलिक व प्रॉटेस्टंट आर्मेनियन या चौकटीत कायमच थोडे बाजूला पडतात.

आर्मेनियाला ‘परतण्याचा’ पहिला मोठा प्रयोग १९४६ ते १९४८ दरम्यान झाला. सिरिया, लेबनॉन, ग्रीस, फ्रान्स, इजिप्त, इराणमधून सुमारे ९० हजार लोक सोव्हिएत आर्मेनियात आले. स्थानिकांनी त्यांना ‘अख्पार’ म्हणून हिणवले. मुळात याचा अर्थ भाऊ. १९४९ मध्ये अनेकांना सैबेरियातल्या अल्ताई प्रांतात हद्दपार केले गेले. पुढे संधी मिळताच कित्येक कुटुंबे फ्रान्स व अमेरिकेला निघून गेली. लॉस एंजेलिसलगतच्या ग्लेंडेलमध्ये आज बैरुतचे, तेहरानचे आणि येरेवानचे आर्मेनियन शेजारी राहतात, एकाच बेकरीत जातात आणि एकमेकांच्या उच्चारांची नक्कल करतात. बाहेरच्याला ही कुरबूर दिसतही नाही.

आर्मेनियातली दुहेरी नागरिकत्वावरची बंदी २००५ च्या घटनादुरुस्तीने उठली आणि २००७ च्या कायद्याने मार्ग खुला झाला. आर्मेनियन वंशाच्या अर्जदाराला तीन वर्षांच्या वास्तव्याची व भाषेची अट नाही. वंश सिद्ध करावा लागतो. सोव्हिएत जन्मदाखल्यात आई-वडिलांचे राष्ट्रीयत्व लिहिलेले असल्याने तो सोपा पुरावा. फ्रेंच किंवा अमेरिकन दाखल्यात ते नसते; तिथे आर्मेनियन चर्चचे बाप्तिस्म्याचे प्रमाणपत्र कामी येते. ते आजोबांचे असेल तर आजोबा, वडील आणि अर्जदार अशी जन्मदाखल्यांची सलग साखळी जोडावी लागते. प्रत्येक कागदावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) आणि नोटरीकृत आर्मेनियन भाषांतर लागते. लेबनॉन व सिरिया अपोस्टिल करारात नसल्याने तिथले कागद वकिलातीच्या मार्गाने प्रमाणित होतात. अडते बहुधा स्पेलिंगवर. एकाच कुटुंबात हागोपियान, हाकोब्यान आणि आकोपियान असे तीन कागद निघाले, तर ते एकच घर असल्याचे वेगळे सिद्ध करावे लागते. बाप्तिस्मा न झालेल्यांची आणि आई-आजीकडून वंश सांगणाऱ्यांची पंचाईत जास्त, कारण लग्नानंतर आडनाव बदललेले असते. तरुण पुरुषांनी लष्करी सेवेचे नियम अर्जाआधीच तपासावेत.

काही समाजांना डायस्पोरा हा शब्दच बसत नाही. इस्तंबूलच्या आर्मेनियनांपैकी अनेक जण स्वतःला परागंदा मानत नाहीत; ते आपल्याच शहरात राहतात. तिथल्या तुर्की-आर्मेनियन ‘आगोस’ साप्ताहिकाचे संपादक ह्रांत दिंक हीच भूमिका मांडत. १९ जानेवारी २००७ रोजी कचेरीबाहेर त्यांची हत्या झाली. पूर्व तुर्कस्तानात १९१५ नंतर मुस्लिम झालेल्या आर्मेनियनांची नातवंडे आहेत. दियारबाकिरचे सुर्प गिरागोस चर्च २०११ मध्ये पुन्हा उघडल्यावर त्यांतल्या काहींनी बाप्तिस्मा घेतला, काहींनी मुस्लिम राहूनच आपण आर्मेनियन असल्याचे सांगितले. दुसऱ्या गटाला कोणत्या रकान्यात घालायचे, यावर डायस्पोरातल्या संस्थांत एकमत नाही.

भारतातले आर्मेनियन या सगळ्याहून जुने. इराणच्या शाह अब्बासने १६०४-०५ च्या सुमारास जुल्फा गावाचे आर्मेनियन इस्फहानला नेऊन ‘नवे जुल्फा’ वसवले. त्या नव्या जुल्फाचे व्यापारी सुरत, आग्रा, मद्रास, कलकत्त्यापर्यंत पोहोचले. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझ्दारार’ १७९४ मध्ये मद्रासला निघाले. मुंबईच्या फोर्टातले सेंट पीटर आर्मेनियन चर्च १७९६ चे. या घराण्यांची वाट इराणमार्गे आल्याने १९१५ ही त्यांच्या आजी-आजोबांची आठवण नव्हे, तरी कलकत्त्यात २४ एप्रिल पाळला जातो आणि नाताळ ६ जानेवारीला होतो. गायिका गौहर जान यांचे वडील आर्मेनियन वंशाचे. आई-मुलीने इस्लाम स्वीकारला आणि त्यांची ओळख हिंदुस्थानी संगीतातून झाली. आर्मेनियन समाजाच्या यादीत त्यांचे नाव मोठ्या अभिमानाने येते, हयातीत मात्र त्या समाजाशी त्यांचा वावर फारसा नव्हता. कलकत्त्यात आता मोजकीच कुटुंबे उरली आहेत. १८२१ मध्ये स्थापन झालेल्या आर्मेनियन कॉलेजात शिकायला मुले मुख्यतः इराण, इराक आणि आर्मेनियातून येतात.