मलम म्हणजे नुसती मनाची समजूत?

सारसबागेत फिरून बाकावर टेकलेल्या काका-काकूंचं ठरलेलं वाक्य: 'मलमानं काय होतंय, गुण गोळीनंच येतो.' गुडघ्याच्या सांधेझिजेत हे खरं नाही. डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचं जेल कातडीतून सांध्यापर्यंत पोचतं. रक्तात मात्र गोळीच्या मानाने जेमतेम ६ टक्के उतरतं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या 'नाइस' संस्थेची २०२२ची मार्गदर्शिकाही गुडघ्यासाठी आधी जेलच सांगते.

चुकतं ते प्रमाण. माझी आई वाटाण्याएवढं बोटावर घ्यायची, एकदाच, आणि म्हणायची, 'फरक नाही.' १ टक्क्याचं जेल एका गुडघ्याला ४ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा, हलक्या हाताने लावायचं. वरून शेक नको.

बीपी, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन या वेदनाशामकाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर जेलचंही विचारा.