पिसू : आहार आणि आयुर्मान

सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्या रक्तावर जगणारा, पंख नसलेला कीटक. सायफोनॅप्टेरा या गणात पिसवांच्या सुमारे २,५०० जाती आहेत. घरात माणसाला चावते ती बहुधा मांजरपिसू. नाव मांजराचे असले तरी ती कुत्र्यावरही तितकीच पोसते. पुढील आकडे मुख्यतः तिचेच आहेत.

डासांमध्ये फक्त मादी रक्त पिते. पिसवांमध्ये नर आणि मादी दोघेही. तोंडातील दोन दातेरी पाती कातडी चिरतात, त्यांच्यासोबतची सुई रक्तवाहिनीत शिरते आणि लाळेमुळे रक्त गोठत नाही. खाज सुटते तीही या लाळेतील प्रथिनांमुळे. त्यांची अॅलर्जी असलेला कुत्रा मोजक्या चाव्यांनीही शेपटीच्या मुळाशी केस जाईपर्यंत खाजवत राहतो.

मादी दिवसाला साधारण १३.६ मायक्रोलिटर, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या १५ पट रक्त पिते. त्यातले बरेचसे अर्धवट पचून विष्ठेतून बाहेर पडते आणि वाळून काळ्या कणांच्या रूपात जनावराच्या अंथरुणावर सांडते. अळ्यांचे मुख्य अन्न हेच. अळ्या रक्त शोषू शकत नाहीत. आई वर पिते आणि खाली पिल्ले जेवतात. बारीक दातांच्या फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, नाहीतर साधी धूळ.

पहिल्यांदा रक्त प्यायल्यावर २४ ते ४८ तासांत मादी अंडी घालू लागते. ऐन भरात दिवसाला ४० ते ५०. अर्ध्या मिलिमीटरची ही अंडी चिकट नसल्याने जनावर जिथे लोळते तिथे गळून पडतात. काही दिवसांत अळी निघते, उजेड टाळत सतरंजीच्या विणीत, सोफ्याच्या फटीत, फरशीच्या सांध्यात शिरते आणि सुमारे ५ ते ११ दिवस तिथेच वाढते. ५० टक्क्यांखालची आर्द्रता किंवा ३५ अंश सेल्सियसवरचे तापमान तिला मानवत नाही, म्हणून उन्हाने तापलेल्या अंगणात ती टिकत नाही आणि पावसाळ्यात घरात फोफावते.

खरी अडचण कोशाची. वाढ झालेली अळी स्वतःभोवती विणते त्या रेशमी कोशाला धूळ चिकटल्याने तो दिसत नाही आणि कीटकनाशक आतपर्यंत पोचत नाही. उबदार, दमट हवेत प्रौढ पिसू आठ-दहा दिवसांत बाहेर येते. नाहीतर तयार होऊनही चार-पाच महिने आतच थांबू शकते. पावलांची हालचाल, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती झडप घालते. सुट्टीनंतर बंद घर उघडताच घोट्यांना एकदम चावे बसतात ते यामुळे.

कोशातून निघालेली पिसू उपाशीपोटी आठवडा-दोन आठवडे तग धरते. एकदा रक्ताची सवय लागली की मात्र तिला सतत रक्त लागते. जनावरावरून काढल्यास ती सुमारे चार दिवसांत मरते. मांजराला अंग चाटू दिले नाही, तर त्याच्या अंगावरची पिसू शंभराहून अधिक दिवस जगू शकते. एरवी चाटण्यातच पुष्कळ पिसवा गिळल्या जातात आणि त्यांच्यातून फीतकृमी मांजराच्या आतड्यात जातो.

औषध एकदाच लावून थांबणे ही नेहमीची चूक. घरातल्या सर्व जनावरांना एकाच वेळी, पशुवैद्याच्या सल्ल्याने किमान तीन महिने औषध द्यावे. अंथरुणे ६० अंशांच्या पाण्यात धुवावीत. फटी रोज व्हॅक्यूमने साफ कराव्यात. त्या हादऱ्यांनी कोशातल्या पिसवाही बाहेर येतात. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधीही लावू नये. ते प्राणघातक ठरते.

उंदरावरच्या पिसवेतून प्लेग पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पोल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. मुंबईत डॉक्टर ग्लेन लिस्टन आणि साथीच्या तपासासाठी नेमलेल्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी ते पक्के झाले. प्लेगचे जंतू पिसवेच्या जठराच्या तोंडाशी गठ्ठा होऊन बसतात. प्यायलेले रक्त पुढे जात नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हापुन्हा चावते आणि जंतूंसह रक्त जखमेत उलटून टाकते. उंदीर मेला, अंग गार पडले की पिसवा दुसरे शरीर शोधतात. त्यामुळे साथीत आधी बिळांत आणि उंदरांच्या वाटांवर पिसूनाशक भुकटी टाकतात; उंदीर त्यानंतर मारतात.