संघमित्रा : नागपुरातल्या एका नावाची पार्श्वभूमी

नागपुरात संघमित्रा हे नाव घरोघरी गेलं ते १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा दिल्यानंतर. बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवदेवता नाकारल्यावर सीता, पार्वती, गौरी ही नावं लेकीला ठेवायची कशी? मग पाळण्याऐवजी त्रिशरण-पंचशील आलं आणि त्याबरोबर सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, करुणा, संघमित्रा.

बोधिवृक्षाची फांदी घेऊन मूळची संघमित्रा श्रीलंकेतल्या अनुराधपूरला गेली, हे इकडे शाळकरी पोरही सांगतं. घोडं अडतं ते ती सम्राट अशोकाची कोण, यावर. पाचव्या शतकाच्या सुमाराचा श्रीलंकेतला पाली ग्रंथ 'महावंस' तिला मुलगी म्हणतो: विदिशेच्या देवीची लेक, श्रीलंकेत धम्म नेणाऱ्या महेंद्राची बहीण, लग्न झालेली, एका मुलाची आई. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू मात्र महेंद्राला अशोकाचा भाऊ म्हणतो. तसं असेल तर संघमित्रेचं नातंही डळमळतं. त्यात अशोकाच्या शिलालेखांत दोघांचंही नाव नाही, म्हणून काही अभ्यासक तिला दंतकथेतच जमा करतात. हे जरा घाईचं वाटतं. लेखांत अशोकाच्या मुलांपैकी नाव येतं ते एकट्या तीवराचं, तेही त्याची आई कारुवाकी हिच्या दानाच्या निमित्तानं. तेवढ्यावरून बाकीची मुलं नव्हतीच म्हणायचं का? शिवाय 'महावंस' तिच्या जाण्याचं कारण नेमकं देतो. तिथल्या अनुला राणीला प्रव्रज्या (संघात प्रवेशाची दीक्षा) हवी होती आणि स्त्रीला ती द्यायला भिक्खुणीच लागे. महेंद्राला तो अधिकार नव्हता.

दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही अनुराधपूरच्याच झाडाचा. एका भिक्खूंनी रोपं आणली. त्यामुळे इथल्या आयांना ही कथा परकी वाटत नाही.

बंगाल-ओडिशात संघमित्रा कुठल्याही घरात सापडते. नागपुरात नाव सांगितलं की समोरचा आडनाव विचारायचा थांबतो, त्याला हवं ते कळलेलं असतं. काही आईबापांनी याच धास्तीनं ते टाळलं, काहींनी नेमकं याचसाठी ठेवलं. (या शहरात 'संघ' म्हटलं की डोळ्यांपुढे भलतंच काही येतं, ती गंमत वेगळी.)

आता दोन-तीन अक्षरी नावांची चलती आहे. आर्या, मीरा, कियारा. तरी संघमित्रा मागे पडलेली नाही. शिकल्यासवरल्या, नोकरदार घरांतून ती पुन्हा ऐकू येते, बहुधा आजीच्या आग्रहानं. हाक मारायला मितू, जन्मदाखल्यावर पूर्ण नाव.