बीकॉम-एलएलबी वेगळं, बीकॉम करून एलएलबी वेगळं

मेहेर सिग्नलपासून जुन्या सीबीएसपर्यंत चालत जा आणि वकिलांच्या पाट्या वाचा. नावाखाली 'बी.कॉम., एलएल.बी.' लिहिलेल्या कितीतरी सापडतील. सगळा घोळ या पाट्यांपासून सुरू होतो. त्यातल्या बहुतेकांनी आधी तीन वर्षं बीकॉम केलं, मग वेगळी प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं एलएलबी केलं. माझी पाटीही त्यातलीच. बारावीचा निकाल लागला की ओळखीतलं कुणीतरी ती पाटी बघून येतं आणि म्हणतं, "तुम्ही केलंत तेच करायचंय आमच्या पोरीला, बीकॉम-एलएलबी, पाच वर्षांचं." अहो, मी ते केलेलंच नाही! दर मे-जूनमध्ये हे सांगून सांगून घसा बसतो. यंदा लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं व्हॉट्सॲपवर पाठवलं की झालं.

बीकॉम म्हणजे काय, हे नाशिककराला मी सांगायला नको. घरात एक तरी बीवायकेचा किंवा केटीएचएमचा असतोच. सकाळी कॉलेज, दुपारी एखाद्या सीएच्या ऑफिसात टॅली, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एम-लॉ, म्हणजे व्यापारी कायद्याचा पेपर. पुढे जाऊ.

पाच वर्षांचा एकत्रित कोर्स बारावीनंतर सुरू होतो आणि त्याची सेमिस्टर दहा असतात. पदवीनंतरचं एलएलबी तीन वर्षांचं, म्हणजे सहा सेमिस्टर. राज्याची लॉ सीईटी दोन्हींसाठी वेगवेगळी. पाच वर्षांच्या पेपरात थोडं गणित असतं, तीन वर्षांच्या पेपरात ते नसतं. निगेटिव्ह मार्किंग दोन्हीकडे नाही. खुल्या गटाला एकीकडे बारावीत आणि दुसरीकडे पदवीत किमान 45 टक्के लागतात. करार, पुरावा, दिवाणी प्रक्रिया वगैरे कायद्याचे सक्तीचे विषय दोन्हीकडे तेच. शेवटी वकिलीची सनद एकच, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची. बारची अखिल भारतीय परीक्षाही एकच. "पाच वर्षंवाल्याला कोर्टात जास्त मान असतो" असं कुणी सांगितलं तर चहा पाजून त्याला वाटेला लावा. वकिलानं कुठला एलएलबी केला, हे आजवर एकाही न्यायाधीशांनी माझ्यासमोर विचारलेलं नाही.

बीकॉम एलएलबी आणि बीबीए एलएलबी यांतही फार डोकं घालू नका. एकात हिशेब जास्त, दुसऱ्यात मॅनेजमेंट जास्त. मात्र ज्या कोर्सला प्रवेश घेताय त्याच्या नावातली अक्षरं नीट वाचा. आपल्याकडे 'पाच वर्षांचं लॉ' म्हटलं की ते बहुतेकदा बीए एलएलबी असतं आणि त्यात अकाउंट्स नसतं. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र असतं. पोरगा कॉमर्सचा आहे म्हणून कोर्स आपोआप कॉमर्सचा होत नाही. नावातच बीकॉम असलेला कोर्स हवा तर बहुतेकदा बाहेर पडावं लागतं. गांधीनगरच्या गुजरात नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीनं तो चालवलेला आहे, तामिळनाडूच्या डॉ. आंबेडकर विधी विद्यापीठानंही. म्हणजे वसतिगृह, मेस आणि दिवाळीचं रेल्वे रिझर्व्हेशन हे सगळं आलं.

आता ज्या एका गोष्टीवर पोरं खरोखर आपटतात, तिच्याकडे वळू.

लोकांचा समज असा: पाच वर्षांत दोन पदव्या आहेत, तर तीन वर्षं झाली की बीकॉम हातात येणार आणि पुढच्या दोन वर्षांत एलएलबी. मधे कंटाळा आला, पैशाची अडचण झाली, लग्न ठरलं, तर निदान बीकॉम तरी झालं. मागे एका प्रवेश सल्लागारानं माझ्या समोर बसून एका आईला अगदी हेच सांगितलं होतं: "वहिनी, टेन्शन नका घेऊ, थर्ड इयरला बीकॉम सुटतंच." मी तिथेच तोंड उघडलं आणि त्या माणसाचा कायमचा राग ओढवून घेतला.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे कायदा शिक्षणाचे 2008 चे नियम आहेत. त्यातला 13 वा नियम सांगतो की एकत्रित दुहेरी पदवीचे मधेच दोन तुकडे करून एक पदवी देता येणार नाही. बीकॉम आणि एलएलबी ही या कोर्सात दोन रुळांसारखी आहेत, एकच रूळ उचलून घरी नेता येत नाही. तिसऱ्या वर्षानंतर सोडणाऱ्याच्या हातात सहा सेमिस्टरच्या गुणपत्रिका उरतात, पदवी उरत नाही. नोकरीच्या फॉर्मवर 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात वयाच्या एकविसाव्या वर्षी तो लिहिणार काय? बारावी.

हाच नियम उलट्या बाजूनंही दार लावतो. "माझं बीकॉम झालंय, मला पाच वर्षांच्या कोर्सला थेट चौथ्या वर्षात घ्या" हेही चालत नाही. बीकॉम झालेल्यासाठी तीन वर्षांचा कोर्स आहे, तो पहिल्या सेमिस्टरपासून करायचा. एम-लॉमध्ये भारतीय करार कायदा 1872 आणि वस्तू विक्री कायदा 1930 शिकलो होतो, म्हणून तो पेपर माफ होईल अशी आशा मीही बाळगली होती. झाला नाही. आणि बरं झालं, कारण एम-लॉमध्ये मी कलमांचे नंबर पाठ केले होते, कायदा शिकलो नव्हतो.

हा गैरसमज हल्ली जास्त का पसरला, याचं माझ्या मते कारण नवं शैक्षणिक धोरण आहे. साध्या बीकॉमला आता एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, अशी बाहेर पडायची दारं आहेत. कॉलेजच्या इंडक्शनमध्ये हे इतक्या वेळा ऐकवतात की पोरांना वाटतं सगळ्याच कोर्सना अशी दारं असतात. कायद्याच्या शिक्षणाचा कारभार बार कौन्सिलकडे आहे. तिथे ही दारं नाहीत.

आणि जुन्या बीएसएल, बीएलएस या पाच वर्षांच्या लॉ कोर्सवाल्या सीनिअरांना तिसऱ्या वर्षाला पदवी मिळाली, असे दाखले कृपा करून देऊ नका. तो कोर्स वेगळा, नाव वेगळं. तुम्ही ज्याची फी भरताय त्याचं प्रॉस्पेक्टस वाचा.

एवढं काय त्या बीकॉमच्या कागदात, असं काहींना वाटेल. मग हिशेबच मांडतो. समजा दोघी बारावीनंतर वेगवेगळ्या वाटेनं गेल्या आणि तीन वर्षं झाली. बीकॉमवालीला पदवी मिळाली. ती बँकेच्या परीक्षा देऊ शकते. राज्यसेवेचा फॉर्म भरू शकते. कॉमर्स पदवीधराला 55 टक्के असतील तर सीएची फाउंडेशन परीक्षा टाळून थेट इंटरमिजिएटला बसता येतं, तेही तिला खुलं आहे. लॉ सीईटी द्यायचा रस्ता तर आहेच. पाच वर्षंवालीला त्या क्षणी यातलं काहीही नाही, पदवी लागते तिथे तिला अजून दोन वर्षं थांबायचंय. बदल्यात तिला काय मिळतं? एक वर्ष. ती तेविसाव्या वर्षी सनद घेईल, दुसरी चोविसाव्या. दुसरीनं चार वर्षांचं ऑनर्स केलं तर पंचविसाव्या.

ते एक वर्ष क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाही. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी 3 वर्षं वकिलीची अट परत आणली. न्यायाधीशच व्हायचं असं पक्कं ठरलेल्या पोरीला एक वर्ष आधी सनद मिळणं म्हणजे एक वर्ष आधी परीक्षा. तिनं खुशाल पाच वर्षांचं करावं. पण अठराव्या वर्षी इतकं पक्कं ठरलेली पोरं मला फार भेटत नाहीत. भेटतात त्यातल्या निम्म्यांचं ठरलेलं त्यांच्या वडिलांनी ठरवलेलं असतं.

माझं मत विचाराल तर कॉमर्सच्या पोरानं आधी बीकॉम करावं. ते आवडीनं केलेलं असलं की वकिलीत पदोपदी उपयोगी पडतं. पिंपळगावकडचा एखादा बागाईतदार द्राक्षांच्या व्यापाऱ्याचा न वटलेला चेक घेऊन येतो. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 138 कुठलाही वकील सांगेल: बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, मग महिन्याच्या आत तक्रार. पण व्यापारी म्हणतो, "तो चेक सिक्युरिटीचा होता, देणं केव्हाच फिटलंय." तेव्हा त्याची खातेवही उघडून नोंदी जुळवत बसायला हिशेब कळावा लागतो. तिथे मला कॉस्टिंगच्या सरांची आठवण येते, लॉच्या सरांची नाही.

नाशिकपुरती एक खास सूचना. मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात, त्यामुळे तिथून बीकॉम करून एलएलबीला येणारे इथे पुष्कळ. मुक्त विद्यापीठाची पदवी एलएलबीला चालत नाही, ही कट्ट्यावरची अफवा आहे. बारावी रीतसर करून मग मुक्तमधून पदवी घेतली असेल तर अडचण नाही. बारावी न करताच थेट पूर्वतयारीच्या मार्गानं पदवीला गेलेल्यांना मात्र बार कौन्सिलचा नियम अडवतो. हे प्रवेशाच्या खिडकीवर कागद तपासताना कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

शेवटचं, कारण हेही हटकून विचारतात: सीए आणि लॉ एकदम. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातली उमेदवारी, आठवड्याला 35 तास. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे लॉ कॉलेज म्हणजे तासिका, मूट कोर्ट (सरावाचे खटले), सेमिनार धरून आठवड्याला किमान 30 तास. बेरीज करा. "लॉला कोण जातंय रोज" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांना माझ्याकडे ज्युनिअर म्हणून घेतही नाही.

प्रवेश सल्लागारासमोर बसलेल्या त्या वहिनींनी शेवटी मुलीला साध्या बीकॉमला घातलं. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा कॉलेज रोडवर भेटली, म्हणाली, "काका, लॉ नाही करायचं आता, कॉस्टिंग मस्त वाटतंय, सीएमएचं (कॉस्ट अकाउंटंटचं) बघतेय." तिचे बाबा तेव्हापासून माझ्याशी जरा तुटकच बोलतात.