ब्लॉक केलं म्हणजे नंबर पुसला जात नाही

सीताबर्डीच्या मोबाइल दुकानांपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एक समज घट्ट बसलाय: नंबर ब्लॉक केला की समोरच्याशी संबंधच तुटला. कसला तुटतोय! ब्लॉक तुमच्या फोनपुरता असतो. त्याच्याकडे तुमचा नंबर तसाच राहतो, दुसऱ्या सिमवरून तो खुशाल फोन करतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये त्याचा एसएमएस 'स्पॅम व ब्लॉक केलेले' या कप्प्यात पडून राहतो. त्याला मात्र तो गेलेलाच दिसतो. फोनमधला ब्लॉक व्हॉट्सअ‍ॅपला लागू नाही, तिथे वेगळा करावा लागतो. मग त्याला एकच टिक दिसते, डीपी-लास्ट सीनही नाही. पण दोघं एकाच ग्रुपात असाल, तर तिथले मेसेज दोघांनाही दिसतात (लग्नाच्या ग्रुपात हमखास घोळ!). धमक्या येत असतील, तर आधी स्क्रीनशॉट घ्या. तक्रारीत तेच कामी येतात.