तिरफळाचा जपानी भाऊबंद आणि रुसलेलं आतडं

पोटाचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी राउंडला आलेले सर्जन विचारतात, "वारा सरला का?" शेजारी बसलेले नातेवाईक ओशाळतात, पण प्रश्न मोलाचा असतो. हाताळलेलं आतडं रुसून बसतं, त्याची पुढे ढकलण्याची लय थांबते. त्यात अफूच्या जातीची वेदनाशामकं त्याला आणखी सुस्त करतात. पोट फुगतं, मळमळतं, घरी जाणं लांबतं.

जपानमध्ये अशा वेळी 'दाइकेनचुतो' दिलं जातं. हे कांपो या तिथल्या पारंपरिक वैद्यकातलं औषध, पण ते द्यायला वेगळा वैद्य लागत नाही. ज्या सर्जननं पोट उघडलं, तोच ते लिहून देतो. १९७६ साली कांपोची बरीच औषधं सरकारी आरोग्यविम्यात आली, आणि पुढे हे सरसकट चालू झालं.

घटक चारच: वाफवून वाळवलेलं आलं, जिनसेंग, सान्शो आणि माल्टोज साखर. दिवसाच्या १५ ग्रॅम भुकटीत १० ग्रॅम तर साखरच असते! खरी गंमत सान्शोत आहे. हे आपल्या तिरफळाचं जवळचं भाऊबंद. दोघांचा वनस्पती-वंश एकच, झॅन्थॉक्सिलम. बी टाकून सालच वापरायची, हेही सारखंच. बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ चुकून दाताखाली आलं की जीभ कशी मुंग्या येऊन बधिरते, ते मालवणी माणसाला सांगायला नको. सान्शोतल्या झिणझिण्या 'सान्शूल' नावाच्या रेणूंमुळे येतात. चेतापेशींमधून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या काही वाहिन्या ते बंद करतात, आणि पेशी चाळवतात. आतड्याच्या भिंतीतही चेतापेशींचं दाट जाळं असतं. प्रयोगांत असं दिसलं, की या औषधानं तिथे अ‍ॅसिटिलकोलीन हे स्नायूंना निरोप देणारं रसायन सुटतं आणि स्नायू आकुंचन पावू लागतात. आतड्याचा रक्तपुरवठाही वाढतो.

मग रुग्णांत गुण येतो का? जपानी सर्जननी याच्या दुहेरी-अंध चाचण्या घेतल्या, निम्म्यांना खोटं औषध देऊन; कुणाला कोणतं मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. (झिणझिण्या आणणाऱ्या औषधाची हुबेहूब नक्कल करणं म्हणजे डोकेदुखीच.) यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा शौचाला होण्याचा वेळ कमी झाला. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र त्या वेळेत फरक पडला नाही. म्हणजे उपयोग आहे, पण बेताचा. मला तरी या औषधाबद्दल विश्वास वाटतो तो या कबुलीमुळेच.

काहींना यानं पोटदुखी, जुलाब होतात, क्वचित यकृताच्या तपासण्या बिघडतात. आतडं पिळवटून रक्तपुरवठा तुटला असेल, तर तिथे ऑपरेशनच लागतं, भुकटी नव्हे. आणि तिरफळं चावून घरी हा प्रयोग करू नये. भाऊबंद असला तरी तो सान्शो नव्हे.

मूळ पाककृती सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या चांग चुंगचिंग या चिनी वैद्याच्या नावावर आहे. त्यात रुग्णाचं वर्णन असं: पोटात थंडी भरलेली, ओकारीमुळे जेवण जात नाही, आणि कातडीखालून डोकं-पाय असलेलं काहीतरी वर उठून फिरतंय, हात लावू देत नाही. अडलेल्या आतड्याच्या लाटा सडपातळ माणसाच्या पोटावर आजही अगदी अशाच दिसतात. जपानच्या विम्याच्या कागदावरही या औषधाचं कारण म्हणून लिहिलेलं असतं ते एवढंच: पोट गार पडून दुखतं आणि फुगतं.